खरखरीचे दोन वंश : जवारी आणि फझ

नागपूरच्या धान्यबाजारात 'जवारी' म्हटले की दुकानदार भाव सांगतो. इकडच्या बोलीत ज्वारीला जवारीच म्हणतात. गाण्याच्या बैठकीत हाच शब्द उच्चारला तर मात्र तंबोऱ्याच्या घोडीकडे पाहिले जाते. तार घोडीवर जेथे टेकते तेथे ती स्वच्छ टेकत नाही. किंचित उतरत्या, अर्धवट सपाट पृष्ठावर ती घासत, कापत, शिवत-सुटत राहते, आणि त्या शिवण्यातून मधमाशांच्या पोळ्यासारखा एक दाट गुंजारव उमटतो. त्या पृष्ठालाही जवारी म्हणतात, त्या नादालाही, आणि तो नाद साधण्याच्या कारागिरीलाही 'जवारी काढणे' असेच म्हणतात. एकाच शब्दाने वस्तू, गुण आणि क्रिया ही तिन्ही कामे केली आहेत.

या जवारीच्या शेजारी आम्ही एक परकी वस्तू ठेवून पाहणार आहोत. तळहाताएवढी, पत्र्याची किंवा बिडाची एक पेटी. तिच्या एका बाजूने विजेच्या गिटारची तार आत जाते, दुसऱ्या बाजूने ध्वनिवर्धकाकडे बाहेर पडते, वर पायाने दाबायचे एक बटण आणि फिरवायच्या दोन-तीन खुंट्या. तिचे नाव फझ. (पायाने चालवायच्या पेटीला 'पायपेटी' म्हणण्याचा मोह होतो, परंतु हा शब्द मराठीत पायाने भाता मारायच्या हार्मोनियमने आधीच अडवून ठेवला आहे.) गिटारच्या गोल, स्वच्छ स्वराला खरखरीत, केसाळ, भणभणता करणे हे या पेटीचे एकमेव काम. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या पेट्यांच्या तुलनेत का रस घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा वाद मुळात एका शब्दाचा आहे. या पेटीत घडते त्याला इंग्रजीत डिस्टॉर्शन म्हणतात, आणि त्याचा मराठी पर्याय म्हणून विरूपण, विकृती असे शब्द दिले जातात. म्हणजे मुळात एक निकोप रूप होते आणि ते बिघडले, असा निवाडा शब्दातच बसलेला आहे. उलट जवारी या शब्दात असा कोणताच दोषारोप नाही. जवारी नसलेला तंबोरा मराठी कानाला 'स्वच्छ' वाटत नाही, मुका वाटतो. दोन्ही ठिकाणी भौतिक घटना बरीचशी एकाच कुळातली असताना एका भाषेने तिला बिघाड म्हणावे आणि दुसरीने गुण, हे कसे घडले?

प्रारंभ नागपुरापासूनच करता येतो. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१० मध्ये सरकारी वित्तखात्याचे अधिकारी म्हणून रंगूनहून नागपुरास बदलून आले आणि वर्षभराच्या आतच, १९११ मध्ये, पुन्हा कलकत्त्यास गेले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि रामन विशीतले हिशेबतपासनीस होते. तारेच्या कंपनांचा नाद त्यांना आधीच लागलेला होता. १९०९ सालीच त्यांनी एकतारीवर एक टिपण प्रसिद्ध केले होते. नागपूरच्या या अल्प मुक्कामाला फार मोठे श्रेय देणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु जवारीला आधुनिक भौतिकशास्त्रात पहिले मानाचे स्थान मिळवून देणारा मनुष्य या गावच्या कचेरीत फायली पाहत बसला होता, ही गोष्ट नागपूरकरांनी स्मरणात ठेवायला हरकत नाही.

ते स्थान मिळाले १९२१ मध्ये, रामन यांच्या भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात. तारेसंबंधी यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद येतो, म्हणजे जेथे त्या उपस्वरात तार स्थिर असते, ते उपस्वर नादातून गैरहजर असले पाहिजेत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर उमटणार नाही. युरोपीय वाद्यांच्या तारेला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांवर प्रयोग केले, आणि तेथे हा नियम मोडलेला त्यांना आढळला. जे उपस्वर नसायला हवेत तेच खणखणीतपणे ऐकू येत होते. याचे कारण त्यांनी घोडीत शोधले. रुंद, वक्र घोडीवर तार प्रत्येक कंपनात लपेटली जाते आणि सुटते. तंबोऱ्यात तिच्याखाली सुताचा किंवा रेशमाचा बारीक दोरा सरकवलेला असतो, त्यामुळे तार आणि घोडी यांचा स्पर्श आणखी नेमका होतो. या स्पर्शागणिक खालच्या स्वरातली ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे सोपवली जाते. म्हणून खर्जाची तार छेडली की थोड्या वेळाने तिच्यातून गांधार वर येतो, ज्याला आपले गायक स्वयंभू गांधार म्हणतात. तो पाचवा उपस्वर. तंबोऱ्याच्या चार तारांत गांधाराची तार कोठेच नसते.

ही कारागिरी महाराष्ट्रात कोठे वसली हे सांगण्याची फारशी गरज नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वृत्तपत्रांतून त्यांची कुळकथा पुन्हा छापून आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले फरीदसाहेब या वाद्यांकडे वळले. तलवारींचे दिवस सरत आले होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि पात्यावर फिरून तयार झालेला हात, अशी ही जुळणी. आम्हांला या कथेतले एक सूत्र मोलाचे वाटते. जवारी हे शेवटी घासण्याचेच काम आहे. हाडाच्या किंवा शिंगाच्या तुकड्यावर कानस किती वेळा आणि कोणत्या कोनात फिरवायची, यावर सारे अवलंबून. पात्याची धार ज्याला बोटाने कळते त्याच्याकडे हे काम जावे, यात मोठे औचित्य आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि वाद्यदुरुस्तीचे काम ते स्वतः उत्तम जाणत, हेही येथे आठवते. गवयाने जवारीची काळजी स्वतः वाहणे ही त्या काळी विक्षिप्तपणाची गोष्ट नव्हती.

आता दुसरा वंश पाहू. तो अपघातांतून जन्मला. १९५१ मधल्या 'रॉकेट ८८' या ध्वनिमुद्रिकेतली गिटार खरखरते, कारण ध्वनिवर्धक वाटेत इजा पावला होता. १९५८ मध्ये लिंक रे याने 'रम्बल'साठी ध्वनिवर्धकाच्या कागदी शंकूला भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसने तोच कागद वस्तऱ्याच्या पात्याने चिरला. यांपैकी शेवटच्या दोघांची कृती वरकरणी विध्वंसक, पण तिच्यात एक कानस दडलेली होतीच. फक्त ती घोडीवर न फिरता ध्वनिवर्धकावर फिरली.

निर्णायक अपघात मात्र नॅशव्हिलमध्ये घडला. मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होते आणि मिश्रणयंत्राच्या एका वाहिनीत दोष निर्माण झाला. त्यांच्या एकल तुकड्याचा स्वर फाटून भलताच गुरगुरू लागला. तो तुकडा काढून न टाकता ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणे लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी हा दोष मुद्दाम घडवून आणणारे एक विद्युत्-मंडल रेव्हिस हॉब्ज यांच्या साहाय्याने तयार केले, गिब्सन कंपनीने ते घेतले आणि १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आली. जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर, दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, आणि आवाज नि आक्रमकता यांसाठी दोन खुंट्या.

या पेटीच्या जाहिरातीने काय सांगितले हे पाहण्यासारखे आहे. ही पेटी घ्या आणि तुमच्या गिटारमधून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, चेलो यांचे आवाज काढा, असे तिचे आवाहन होते. म्हणजे खरखर ही खरखर म्हणून विकायची हिंमत विक्रेत्याला झाली नाही. तिला कोणत्या तरी प्रतिष्ठित वाद्याची नक्कल म्हणून उभे करावे लागले. ग्राहकांनी ही नक्कल नाकारली. पहिल्या उत्साहानंतर मागणी जवळजवळ आटली. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन'ची ती प्रसिद्ध ओळ या पेटीतून वाजवली तीसुद्धा तात्पुरती खूण म्हणून. पुढे तेथे पितळी वाद्ये येतील असे त्यांच्या मनात होते. खूण तशीच राहिली, गाणे जगभर गेले आणि पडून राहिलेल्या पेट्या दुकानांतून नाहीशा झाल्या.

त्याच १९६५ साली आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक घटना लंडनमध्ये घडली. रॉकच्या इतिहासांत ती टिपेएवढीच जागा मिळवते. यार्डबर्ड्स या वृंदाला 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी सतार हवी होती. सतारवादक स्टुडिओत आणला गेला, त्याने ती ओळ वाजवलीही; परंतु ढोल नि गिटारांच्या गर्दीत सतारीचा स्वर हवा तसा टोचेना. तेव्हा जेफ बेक यांनी तीच ओळ विजेच्या गिटारवर फझ लावून वाजवली आणि ध्वनिमुद्रिकेत ती राहिली. बीटल्सच्या गाण्यात सतार अवतरली ती त्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात. म्हणजे पश्चिमेच्या पॉप संगीतात जवारीचा नाद सतारीच्या आधी फझच्या वेषात येऊन गेला होता. पितळी वाद्यांची नक्कल करण्यासाठी विकलेल्या पेटीचा खरा नातेवाईक कोण, हे बेकच्या कानाने एका दुपारी ओळखले. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत कोरल नावाची विजेची सतार निघाली. ती होती गिटारच. फक्त तिच्या घोडीचा माथा रुंद आणि उतरता करून तार तेथे मुद्दाम घासेल अशी योजना केलेली होती. पत्र्याच्या पेटीतून निघालेला शोध अशा रीतीने घोडीपाशी येऊन पोहोचला.

पेट्यांची तुलना करताना गिटारवादकांची मोठी अडचण होते ती शब्दांची. इंग्रजीत ते लोकरी, मखमली, चिरका, वेल्क्रो फाडल्यासारखा अशी स्पर्शाची विशेषणे शोधत बसतात. फझ हा शब्दही मुळात लव, कापसाचा तंतू या अर्थाचा आहे. आमच्या सतारियांनी मात्र या वाटण्या केव्हाच करून ठेवल्या आहेत. खुली जवारी, बंद किंवा गोल जवारी, आणि त्यांच्या मधल्या अनेक पायऱ्या. रविशंकरांच्या सतारीची जवारी खुलीकडे झुकणारी, तेजस्वी, उपस्वरांची उधळण करणारी. विलायत खाँसाहेबांची गोल, गळ्याजवळची, मींड लांबवर वाहून नेणारी. हीच मोजपट्टी पेट्यांना लावून पाहावी. माएस्ट्रोची पेटी अति खुली, इतकी की स्वराचे शरीरच उरत नाही, भुंगा तेवढा उरतो; आणि स्वर विरत गेला की तो कात्रीने कापल्यासारखा अचानक थांबतो. गॅरी हर्स्ट यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये केलेल्या टोन बेंडरने या भुंग्याला दम दिला. १९६६ अखेरीस आलेली आर्बिटर कंपनीची फझ फेस, जिचा गोल आकार मायक्रोफोनच्या बैठकीवरून सुचला, ही अवघ्या दोन ट्रान्झिस्टरांची. आमच्या मते या सर्वांत जवारीच्या सर्वांत जवळची. कारण तिच्यात तारेवरचा हात दिसतो. गिटारवरची आवाजाची खुंटी किंचित खाली आणली की खरखर ओसरते आणि स्वर जवळजवळ निर्मळ होतो, जोर दिला की पुन्हा दाटते. हलक्या आघाताला सतारही अशीच वेगळी बोलते. माइक मॅथ्यूज यांच्या न्यू यॉर्कच्या कंपनीची बिग मफ १९६९ ची. चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, डायोडच्या जोड्यांनी दोनदा कापलेली लहर. तिला आम्ही बंद जवारी म्हणू. जाड, घोंगडीसारखी, स्वर लांबवणारी. तिच्या एका खुंटीचे नावच 'टिकाव' या अर्थाचे आहे. मात्र हाताचा हलका-जड भेद तीत पुष्कळसा बुडून जातो. तिच्या चाहत्यांना हे मत पटणार नाही याची आम्हांला कल्पना आहे.

जर्मेनियम आणि सिलिकॉन यांतला भेद निव्वळ हौशी लोकांची कुजबुज नव्हे. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून जो चुकार प्रवाह पाझरतो तो तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो. लंडनच्या वीस अंशांत जुळवलेली पेटी नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, चालू केली तर हा पाझर पाच-सहा पट होईल; मंडलाचा तोल सुटेल, स्वर घुसमटेल, तुटक होईल किंवा गप्पच बसेल. म्हणून उकाड्यात या पेट्या थंड ठेवण्याच्या नाना युक्त्या वादकांत सांगितल्या जातात. सिलिकॉनला हा जाच फारच कमी. त्याबदल्यात त्याचा स्वर अधिक कडक. तंबोराही ऋतू ओळखतो. कोरड्या हवेत, पावसाळी दमटपणात किंवा वातानुकूलित सभागृहात त्याच्या तारा उतरतात-चढतात, दोरा केसभर इकडेतिकडे सरकवावा लागतो. गवई मैफलीपूर्वी पंधरा मिनिटे तंबोऱ्याशी झटतो तेव्हा अधीर होणाऱ्या श्रोत्यांनी हे ध्यानात घ्यावे. हवामान ज्याच्या स्वरात शिरते ते वाद्य अजून पुरते यंत्र झालेले नाही.

येथपर्यंत वाचून एखाद्याची अशी समजूत होईल की 'हे सर्व आमच्याकडे आधीच होते' या सुप्रसिद्ध भारतीय पालुपदाचीच ही नवी आवृत्ती आहे. तसे नाही. फझ आणि जवारी यांत एक मूलभूत अंतर आहे आणि ते दृष्टीआड केल्यास सारी तुलना पोकळ ठरेल. तंबोऱ्यात प्रत्येक तार घोडीवर स्वतंत्रपणे घासते. चार तारांच्या चार जवाऱ्या. त्यांचे नाद हवेत एकत्र येतात, पण एकमेकांना मोडत नाहीत. फझच्या पेटीत सहाही तारांचे स्वर आधी एका विद्युत्-लहरीत मिसळतात आणि मग ती एकत्र लहर माथ्यावर कापली जाते. एकच स्वर असेल तर त्याला वरचे उपस्वर फुटतात, येथवर दोघांचे जमते. दोन स्वर असतील तर मात्र त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही नव्याने जन्म घेतात. पियानोवर गोड वाटणारी षड्ज-गांधाराची जोडी गिटारच्या समविभागी पडद्यांवर थोडी बेसूर असतेच. फझमधून ती गेली की त्या वजाबाक्या एकमेकींशी भांडतात आणि चिखल होतो. जी एक जोडी सुखरूप बाहेर येते ती षड्ज-पंचमाची. त्यांचे प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला षड्ज. फझ स्वतःच खर्ज पुरवते! रॉक संगीताने तिसरा स्वर गाळून केवळ षड्ज-पंचमाचे आघात वापरायला सुरुवात केली त्यामागे हे एक कारण आहे. हार्मनीच्या परंपरेत वाढलेले वादक, तंबोऱ्याचे नावही मनात नसताना, पेटीच्या सक्तीने तंबोऱ्याच्या तारांपाशी येऊन थांबले. याला आम्ही प्रभाव म्हणणार नाही. पाण्याने उतार शोधावा तसे हे झाले.

दुसरे अंतर बटणाचे. फझ हवी तेव्हा लागते, नको तेव्हा सुटते. तिच्यामुळे एकाच गाण्यात निर्मळ आणि खरखरीत असे दोन गिटारवादक नांदू शकतात. खरखर हे एक विधान होते, आवेशाचे, चिडीचे, कधी विनोदाचे. जवारी बंद करता येत नाही. ती काढली जाते तेव्हाच, मैफलीच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच कोणाच्या हाताने निर्णय होऊन गेलेला असतो, आणि वादकाने त्या निर्णयाच्या आत राहून वाजवायचे असते. आपल्याकडे खरखर ही भूमी आहे. त्यांच्याकडे ती घटना आहे. जपानी परंपरेत शामिसेन आणि बिवा यांवरच्या अशाच गुंजनाला 'सावारी', म्हणजे स्पर्श, म्हणतात. तोरू ताकेमित्सु यांनी त्याविषयी मनापासून लिहिले आहे. आफ्रिकेतल्या मबिरावर शिंपल्यांचे तुकडे, आणि पुढे बाटल्यांची बुचे, बसवतात ती याच हेतूने. अशा सोबत्यांकडे पाहिल्यावर अपवाद कोण हा प्रश्न उलटा होतो. स्वराने डाग नसलेला असावा ही अपेक्षाच युरोपीय संगीताच्या एका कालखंडाची खासियत दिसू लागते, आणि फझ हा त्या अपेक्षेविरुद्ध तिच्याच घरातून झालेला बंडावा.

हे दोन्ही वंश एका दिवशी एका मंचावर आले होते. १८ जून १९६७, कॅलिफोर्नियातला माँटरे महोत्सव. दुपारी रविशंकर कित्येक तास वाजवले. त्याच रात्री जिमी हेंड्रिक्स आपल्या फझ फेससह उभा राहिला आणि शेवटी त्याने गिटारला आग लावली. वाद्याची ही विटंबना रविशंकरांना असह्य झाली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्यांपैकी आम्हीही आहोत. तथापि कानाने पाहिले तर, आणि पाहणे हे क्रियापद आम्ही जाणून वापरतो, त्या रात्रीची गिटार दुपारच्या सतारीची फार दूरची नव्हती. 'पर्पल हेझ'मधल्या एकल तुकड्यात रॉजर मेयर यांच्या पेटीने मूळ स्वराच्या माथ्यावर आणखी एक सप्तक उभे केले होते; न छेडलेला स्वर ऐकू येण्याचा चमत्कार जवारीच्या श्रोत्याला नवा नाही.

त्याच १९६७ मध्ये मराठी रंगभूमीवर 'कट्यार काळजात घुसली' आले. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन साकारणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापुरात जन्मले असले तरी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे घडलेले. नाटक दोन गायकींच्या संघर्षाचे आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. परंतु आमच्या मते त्या संघर्षाचा निकाल संहितेपेक्षा वसंतरावांच्या आवाजाच्या पोताने दिला. मराठी नाट्यरसिकाला गोड, गोल, भावगीती आवाजाची सवय झालेली होती. वसंतरावांचा आवाज टोकदार, कडांचा. तान तुटून येताना तिच्यात ठिणग्या दिसतात. खाँसाहेबाच्या अहंकाराला आणि असुरक्षिततेलाही हीच धार हवी होती. 'जवारीदार आवाज' असा एक शब्दप्रयोग आपल्या जुन्या रसिकांच्या बोलण्यात असतो. समीक्षेने तो पुरेसा वापरला नाही. ती 'सुरेल', 'भावपूर्ण', 'पल्लेदार' यांवरच थांबते, ज्यांतले एकही विशेषण आवाजाच्या पोताविषयी काही सांगत नाही. खरे तर मराठीत हा पोत सांगणाऱ्या शब्दांची वाण नाही. गुणगुण, गुंजारव, भणभण, घोंघावणे, खरखर, घरघर, झंकार. भुंग्याचा तो गुंजारव आणि माशीची ती भणभण. ध्वनी थोडाफार तोच, निवाडा अगदी उलटा. आमची कवितेची परंपरा भुंग्यावर लुब्ध आहे, माशीला तिच्यात प्रवेश नाही. फझचे मराठी वर्णन करायला बसलेला लेखक भुंगा निवडतो की माशी, यावरून त्याचे मत वेगळे विचारावे लागत नाही.

मुंबईत विजेची गिटार तोवर रुळली होती. सिमला सिगारेटच्या नावाने भरलेल्या बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्यांवर भारतीय तरुणांनी वाजवलेली फझ ऐकू येते. १९७१ च्या 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार तर घरोघरी पोहोचली. तो आवाज चित्रपटात नशेचा, बिघडलेल्या तरुणाईचा म्हणून वापरला गेला. म्हणजे विकृती हा पाठ्यपुस्तकी शब्द पडद्यावर अक्षरशः अवतरला. त्याच मुंबईच्या स्टुडिओंत सतारीचे गुंजन भक्तीसाठी आणि विरहासाठी योजले जात होते. एकाच वाद्यवृंदात दोन खुर्च्यांच्या अंतरावर बसलेल्या दोन गुंजनांचे हे वर्गीकरण कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आज इलेक्ट्रॉनिक तंबोरा सर्वत्र आहे, मोबाइलमध्येही आहे. त्याला बटण आहे. त्यातल्या जवारीचे प्रमाण कमी-अधिक करायची सोयही पुष्कळदा असते; म्हणजे जवारीची पेटी झाली, फझच्या शेजारी जाऊन बसली. रियाझाला तो उपयोगी पडतो आणि प्रवासात पाठीला आराम देतो. त्याविरुद्ध उसासे टाकण्याची आमची इच्छा नाही. फक्त त्यात चारही तारा ठरलेल्या वळणाने पुन्हापुन्हा येतात, आणि बोटाच्या दाबाने गांधार मागे-पुढे होण्याचा संभव उरत नाही. तंबोरा धरून मागे बसलेल्या शिष्येचे खरे शिक्षण त्याच संभवात होत असते.

लाकडी तंबोऱ्याची घोडी वापराने झिजते. तारा तिच्यावर चर पाडतात, नाद आधी कडक आणि मग बसका होतो, आणि वाद्य कारागिराकडे न्यावे लागते. तो तारा सैल करून बाजूला सारतो, कानस दोन-चारदा फिरवतो, फुंकर मारतो, तारा पुन्हा चढवतो, दोरा नखाने पुढे ढकलतो आणि खर्ज छेडतो. नाही जमले की पुन्हा तारा उतरवतो. एका घासणीत जास्त गेले तर ते परत आणता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी कमीच घासायचे. आम्ही पाहिले तेव्हा हे बारा-तेरा वेळा झाले. मग खर्जाच्या तारेतून गांधार आला आणि त्याने कानस खाली ठेवली.